आदिवासी मुलांना प्राथमिक शाळा आपली वाटावी यासाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातील आदिवासी भागांत पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवणारे शिक्षक, तेथील पालक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांहून अधिक, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या नऊ टक्क्यांहून थोडी जास्त आहे. वारली, कातकरी, भिल्ल, पावरा, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कोरकू, गोंड, माडिया, कोलाम अशा अनेक समाजांची मुले यांत येतात. त्यांच्या भाषा, रीती आणि अडचणी एकसारख्या नाहीत, त्यामुळे प्रत्येक उत्तर आपल्या पाड्याशी ताडून पाहावे.

पहिलीत आलेले मूल तीन-तीन महिने एक शब्दही बोलत नाही. ते अभ्यासात मंद आहे असे समजावे का?

नाही, असे मुळीच समजू नये. हेच मूल शाळा सुटल्यावर ओढ्याकाठी कसे बोलते, भावंडांना कसे सांभाळते, कोणत्या झाडाला कधी फळ येते हे कसे सांगते, ते एकदा दुरून पाहावे. वर्गात ते गप्प असते, कारण तेथे चाललेले बोलणे त्याला कळत नाही, आणि आपल्याला कळत नाही हे सांगण्यापुरतीही ती भाषा त्याच्याकडे नसते.

या अंतराची कल्पना बाहेरून आलेल्या शिक्षकाला सहसा नसते. मेळघाटात धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत बोलली जाणारी कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे, आणि तिचे नाते संथाळी, मुंडारी या भाषांशी आहे. गोंडी, माडिया आणि कोलामी या द्राविडी भाषा असून त्या तेलुगूच्या गोतावळ्यातल्या आहेत. म्हणजे गडचिरोलीतील माडिया मूल किंवा मेळघाटातील कोरकू मूल पहिल्या दिवशी ज्या मराठीला सामोरे जाते, ती त्याच्या भाषेची थोरली बहीण नसून सर्वस्वी परक्या घरातील भाषा असते. पाणी मागायचे तर कोरकू मुलाच्या ओठांवर ‘डा’ येते आणि गोंड मुलाच्या ओठांवर ‘येर’. गुरुजींना यातले काहीच कळले नाही तर मूल तहान मारून बसते, हे मी स्वतः पाहिले आहे, आणि ते विसरता येत नाही.

पुढे मूल बोलू लागले की त्याच्या मराठीत लिंगाच्या चुका होतात आणि त्या चुकांवर वर्ग हसतो. त्या चुकांमागे व्याकरण आहे. गोंडीत नामांची विभागणी पुरुषवाचक आणि इतर अशा दोनच गटांत होते. कोरकूत सजीव आणि निर्जीव हा भेद महत्त्वाचा असतो, शिवाय एकवचन आणि अनेकवचन यांच्या जोडीला द्विवचनही असते. ‘कोरकू’ हा शब्दच ‘कोरो’ म्हणजे माणूस, याचे अनेकवचन आहे. अशा घरातून आलेल्या मुलाला ‘तो फळा, ती पाटी, ते दप्तर’ हा मराठीचा तिहेरी कारभार अंगवळणी पाडायला वेळ लागणारच. हे माहीत असलेला शिक्षक चुकीवर रागावत नाही. तो योग्य रूप आपल्या उत्तरात सहज वापरतो आणि पुढे जातो.

मला मुलांची भाषा येत नाही. मग पहिल्या महिन्यात मी नेमके काय करावे?

सर्वप्रथम मुलांकडून त्यांची भाषा शिकायला बसावे, आणि तेही सर्वांसमोर. ‘याला तुम्ही काय म्हणता?’ हा प्रश्न रोज पाच वस्तूंबद्दल विचारावा, मिळालेला शब्द देवनागरीत फळ्यावर लिहावा आणि स्वतः मोठ्याने उच्चारून पाहावा. उच्चार चुकेल, मुले हसतील आणि तुम्हाला सुधारतील. शाळेत आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना असे काहीतरी ठाऊक असेल जे गुरुजींना ठाऊक नाही. एरवी काही केल्या न बोलणारी मुले या एका प्रसंगाने बोलती होतात.

महिनाभरात शंभरेक शब्द जमतात. त्यांत शरीराचे अवयव, नाती, खाण्याचे पदार्थ, प्राणी आणि ‘ये, बस, खा, पी, दुखते का, भूक लागली का, लघवीला जायचे आहे का’ यांसारखी रोजची वाक्ये आधी घ्यावीत. शेवटची तीन वाक्ये पाठ्यपुस्तकातील कोणत्याही धड्यापेक्षा तातडीची आहेत. गणितात मोजणी घरच्या भाषेतून सुरू करावी. कोरकूतील ‘मिया, बारिया’ किंवा गोंडीतील ‘उंडी, रंड, मूंद’ हे आकडे मुलाला आधीच येतात, म्हणजे संख्येची कल्पना त्याच्याकडे असते, फक्त तिचे मराठी नाव नसते. चिंचोके किंवा मोहाच्या बिया हाती देऊन आधी त्याच्या भाषेत मोजू द्यावे आणि मग तीच रास मराठीत मोजावी.

तिसरी-चौथीतील एखाद्या मुलाला किंवा मुलीला पहिलीच्या वर्गात दिवसातून अर्धा तास दुभाषा म्हणून बसवणे फार उपयोगी ठरते. मात्र त्या मुलाचा स्वतःचा अभ्यास बुडणार नाही याची काळजी घ्यावी. अंगणवाडी सेविका बहुधा त्याच पाड्यावरची असते. तिच्याशी ओळख करून घेतली तर कोणत्या मुलाच्या घरी काय चालले आहे हेही कळते.

घरची भाषा वर्गात वापरली तर मुलांचे मराठी कच्चे राहील, असे पालकच म्हणतात. त्यांना काय सांगावे?

पालकांची भीती खरी आहे आणि ती उडवून लावू नये. तहसील कचेरीत, दवाखान्यात, बाजारात मराठी न आल्यामुळे झालेला अपमान त्यांनी सोसलेला असतो, आणि मुलाच्या वाट्याला तो येऊ नये म्हणूनच ते शाळेकडे पाहतात. म्हणून त्यांना आधी हे स्पष्ट सांगावे की मुलाला उत्तम मराठी यावे हे शाळेचेही उद्दिष्ट आहे.

त्यानंतर त्यांच्याच अनुभवातले उदाहरण द्यावे. वाचणे म्हणजे अक्षरावरून अर्थापर्यंत पोहोचणे. जे शब्द मुलाला मुळात माहीत नाहीत त्यांची अक्षरे ते घोकून ओळखू लागते, मोठ्याने वाचूनही दाखवते, पण वाचलेल्याचा अर्थ विचारला की थांबते. आदिवासी भागांतील शाळांत चौथी-पाचवीपर्यंत असे ‘वाचणारी’ अनेक मुले भेटतात. ओळखीच्या भाषेत एकदा वाचनाची गोम कळली की ती दुसऱ्या भाषेत नव्याने शिकावी लागत नाही. देवनागरीत कोरकू किंवा पावरी वाचणारे मूल त्याच अक्षरांनी मराठीही वाचू लागते, आणि मराठी बोलणे, ऐकणे, गाणी व गोष्टी यांतून शब्दसंग्रह रोज वाढवता येतो. दोन्ही भाषा एकाच वेळी चालतात, एकीला हाकलल्याने दुसरीचे भले होत नाही.

वारली, कातकरी, मावची, पावरी यांचे काय? त्या तर मराठीच्या जवळच्याच आहेत ना?

जवळच्या आहेत, आणि म्हणूनच येथे वेगळा धोका आहे. मुलाचे बोलणे शिक्षकाला अर्धेमुर्धे कळते, आणि मग त्याला ती वेगळी भाषा न वाटता बिघडलेली मराठी वाटते. ‘नीट बोल’, ‘शुद्ध बोल’ असे दिवसातून दहा वेळा ऐकणारे मूल आपली आई अशुद्ध बोलते, एवढेच शिकते. या भाषांना स्वतःचे नियम आहेत. ‘घरी असे म्हणतात आणि पुस्तकात असे लिहितात’ इतके म्हटले की कोणाचाही कमीपणा न होता फरक शिकवता येतो.

याला कायद्याचा काही आधार आहे का, की हे शिक्षकाच्या मर्जीवर आहे?

आधार भक्कम आहे. प्राथमिक टप्प्यावर भाषिक अल्पसंख्याक गटांतील मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी द्याव्यात असे राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-अ सांगतो. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार अधिनियमातील कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावी असे म्हटले आहे, तर कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करते. भाषेवरून वर्गात हिणवणे हा मानसिक छळच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही किमान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत, शक्य असेल तेथे घरच्या भाषेतून शिकवावे असे नमूद आहे.

‘शक्य तेथवर’ या शब्दांत पळवाट आहे हे खरे. पण वर्गात दोन भाषा वापरणाऱ्या शिक्षकाला कोणी हरकत घेतली तर त्याच्या हाती हीच कलमे आहेत.

हजेरीपटावर मुलांची नावे ‘सुधारून’ लिहिण्याची पद्धत आहे. त्यात वाईट काय?

बुधवारी जन्मलेला बुध्या आणि सोमवारी जन्मलेली सोमी, अशी वारावरून किंवा ऋतूवरून, आजा-आजीवरून ठेवलेली नावे अनेक आदिवासी समाजांत आहेत. दाखल करून घेताना एखादे प्रचलित, पुस्तकी नाव लिहून टाकण्याची सवय जुनी आहे, आणि बहुतेक वेळा ती सद्भावनेनेच घडते. परिणाम असा होतो की हजेरी घेताना मूल ‘हजर’ म्हणत नाही, कारण हाक आपल्याला आहे हेच त्याला कळत नाही. पुढे जातीचा दाखला आणि जात वैधता काढताना शाळेच्या नोंदीतील नाव किंवा आडनाव घरच्या कागदांशी जुळले नाही, तर त्या कुटुंबाला वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. म्हणून नाव आई-वडिलांना विचारून, ते उच्चारतील तसेच लिहावे, लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे आणि मगच नोंद पक्की करावी. जमातीच्या नोंदीबाबतही हीच दक्षता घ्यावी.

आमच्या शाळेत ९ ऑगस्टला आदिवासी दिन साजरा होतो आणि भिंतीवर वारली चित्रेही काढली आहेत. एवढे पुरेसे नाही का?

हे चांगलेच आहे, पण वर्षातून एक दिवस मुलांना नाचायला लावून उरलेले दिवस त्यांचे जग दाराबाहेर ठेवले तर मुलांना त्यातला फरक कळतो. नंदुरबारमधील पावरा मुलांच्या किंवा यवतमाळमधील कोलाम मुलांच्या शाळेवर वारली चित्रे काढली जातात, तेव्हा तर ती त्यांचीही नसतात. वारली चित्रांचा उगमही समजून घ्यावा. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणे हे तेथील सवाष्णींचे काम आहे, आणि त्या चौकात पालघट देवी असते. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि ही कला जगभर गेली. पण पाड्यावरच्या मुलाला ती आजीच्या हातची म्हणून माहीत असते. त्या आजीला शाळेत बोलावून तिच्याकडूनच भिंत लिहून घेतली तर ते खरे शिक्षण आहे.

मुलांचे ज्ञान रोजच्या तासाला जोडता येते. जून-जुलैत मुले शेवळा, टाकळा, भारंगी, कुर्डू अशा रानभाज्या ओळखून आणतात. परिसर अभ्यासाच्या तासाला त्यांची पाने वहीत दाबून ठेवावीत, दोन्ही भाषांतली नावे लिहावीत, आणि कोणती भाजी कशी शिजवली नाही तर घशाला खाजते हे मुलांनाच सांगू द्यावे. शेवळ्याबरोबर काकडे, म्हणजे काकड नावाच्या झाडाची आंबट फळे, का घालतात, हे पालघर-ठाण्याकडच्या पाड्यांवर सात वर्षांच्या मुलीलाही माहीत असते. वाघबारस, डोंगऱ्या देव, माडियांचे पंडुम या सण-उत्सवांविषयी पाड्यावरच्या जाणत्या माणसांना बोलते करावे. देवाधर्माच्या गोष्टींत मात्र काय सांगायचे आणि काय नाही, हे त्यांनीच ठरवावे.

मोहफुलांच्या दिवसांत निम्मा वर्ग रिकामा असतो, आणि दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर निघून जातात. अशा वेळी काय करता येईल?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मोहफुले पहाटे गळतात आणि ऊन चढण्याआधी वेचावी लागतात. मार्च-एप्रिलमधील त्या पंधरा-वीस दिवसांची कमाई घराला मोठा आधार देते. अशा दिवसांत शाळेची वेळ थोडी पुढे-मागे करणे, किंवा उशिरा आलेल्या मुलाला दारात उभे न करता आत घेणे, हे मुख्याध्यापक आणि व्यवस्थापन समिती मिळून ठरवू शकतात. या बाबतीत आपल्याकडे मोठे उदाहरण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे १९५७ पासून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर त्यांचे काम रुजले, आणि गुरे चारायला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. तिला त्यांनी कुरणशाळा असे साधे, नेमके नाव दिले. आज ज्या अंगणवाडीचे नाव देशभर घेतले जाते, तिच्यामागचा विचार असा एका पाड्याच्या अंगणात सुचलेला आहे.

स्थलांतर अधिक कठीण आहे. रायगड, ठाणे, पालघरमधील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात, नंदुरबारमधील कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुलाला आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येत असेल तर उत्तमच. ते शक्य नसेल तर निघण्यापूर्वी कुटुंब कोठे जाणार आहे हे विचारून घ्यावे, शिक्षण हमी पत्रक, म्हणजे नव्या शाळेत दाखवायचा मुलाच्या शिक्षणाच्या नोंदीचा कागद, द्यावे आणि त्या गावच्या शाळेला स्वतः फोन करावा. कागद हाती देऊन काम होत नाही, फोनने होते. कायद्यानुसार शाळा सोडल्याचा दाखला नाही या कारणाने कोणतीही शाळा प्रवेश अडवू शकत नाही, आणि मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. मूल परत आले की त्याचे नाव पटावर असावे, त्याची वही कपाटात असावी आणि त्याची जागाही तशीच असावी.

आश्रमशाळेत आलेली सहा वर्षांची मुले रात्री रडतात. त्यांना सवय होईपर्यंत थांबणे एवढेच हातात आहे का?

नाही. इतक्या लहान वयात घर सोडावे लागणे ही मुळातच मोठी गोष्ट आहे. पाड्याजवळ चांगली शाळा असेल तर पहिली-दुसरीपर्यंत मुलाने घरीच राहून शिकावे, असे मला ठामपणे वाटते. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असे महाराष्ट्राचे नियम सांगतात. पटसंख्या कमी म्हणून पाड्यावरची शाळा बंद करण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा ग्रामसभेने या मुद्द्यावर बोलायलाच हवे.

मूल वसतिगृहात आलेच असेल तर सख्ख्या-चुलत भावंडांना आणि एका पाड्यावरच्या मुलांना जवळजवळ झोपू द्यावे. अधीक्षिका किंवा निदान स्वयंपाकघरातील एखादी मावशी त्यांची भाषा बोलणारी असावी, आणि रात्रीच्या वेळी ती आसपास असावी. आई-वडिलांशी फोनवर बोलण्याचा दिवस ठरलेला असावा. बाजाराच्या दिवशी पालक भेटायला आले तर ‘आज भेटीचा वार नाही’ म्हणून त्यांना फाटकातून परत पाठवू नये, कारण ते कित्येक कोस चालत आलेले असतात. आजारपण लपवण्याची लहान मुलांना सवय असते. ज्या मुलाला ‘पोट दुखते’ हे मराठीत सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत ही सवय जिवावर बेतू शकते.

इतर मुले आदिवासी मुलांना चिडवतात. शिक्षकाने मध्ये पडावे का?

ताबडतोब पडावे. मिश्र वस्तीच्या गावांत आणि शहरांत, अगदी मुंबईतील आरेच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलांच्या बाबतीतही, हा प्रश्न येतो. कातकरी मुलांना त्यांच्या घरच्या अन्नावरून बोलले जाते. फासेपारधी मुलांकडे वर्गात पेन्सिल हरवली तरी सर्वांच्या नजरा वळतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची जी रीत घातली, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ती नजर अद्याप गेलेली नाही. म्हणून वस्तू हरवल्यावर कोणाच्याही दप्तराची सर्वांसमोर झडती घेऊ नये, हा नियमच करावा. बसण्याच्या रांगा, पोषण आहाराच्या पंगती, वर्गप्रमुखाची पाळी आणि झाडू-पाण्याची कामे कोणाच्या वाट्याला येतात, हे शिक्षकाने आठवडाभर लिहून पाहावे. स्वतःच्या वर्गाचे असे टिपण मी पहिल्यांदा केले तेव्हा मला लाज वाटली होती.

पालक सभेला येत नाहीत. त्यांना शिक्षणाची आस्था नाही, असे म्हणता येईल का?

सभा सकाळी अकरा वाजता, म्हणजे मजुरीच्या वेळेला असते, मराठीत चालते आणि तीत बहुधा मुलांच्या तक्रारीच सांगितल्या जातात. अशा सभेला कोण येईल? सभा संध्याकाळी पाड्यावर घ्यावी, खाली बसावे, आणि सुरुवात मुलाने चांगले काय केले यापासून करावी. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि वंचित गटांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, असा कायदा आहे. सही किंवा अंगठा घेण्यापुरते त्यांना बोलावले जाते की ठराव त्यांच्या भाषेत समजावला जातो, हे महत्त्वाचे.

आदिवासी भाषांतील वाचनसाहित्य मिळते का?

थोडे मिळते. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, तसेच आपल्या जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था येथे चौकशी करावी. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ पासून माडिया मुलांसाठी शाळा चालवली आहे, आणि नर्मदा बचाव आंदोलनाने नर्मदाकाठी चालवलेल्या जीवनशाळांत पावरी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या भाषेसह शिकवले गेले आहे. त्यांच्या अनुभवातून पुष्कळ घेता येते. पण आपल्या वर्गासाठी सर्वांत उपयोगी पुस्तक बहुधा वर्गातच तयार होते. आजोबांनी सांगितलेली गोष्ट मुलांनी लिहायची, चित्रे काढायची, डाव्या पानावर घरची भाषा आणि उजव्या पानावर मराठी. आपल्या आजोबांचे नाव छापल्यासारखे पुस्तकावर पाहिल्यावर ते पुस्तक मुले फाटेपर्यंत वाचतात.

माझी बदली होणार आहे. नंतर हे सगळे मोडेल का?

शिक्षकाच्या डोक्यातच सगळे असेल तर मोडेल. म्हणून जमवलेले शब्द, रोजची वाक्ये, सणांचे आणि मोहफुलांचे दिवस, कोणत्या घरी कोणाशी बोलावे, कोणते मूल कशाला घाबरते, हे सर्व एका जाड वहीत लिहून ठेवावे आणि ती मुख्याध्यापकांच्या कपाटात न ठेवता पहिलीच्या वर्गात, मुलांच्या हाताला येईल अशी ठेवावी. नव्या शिक्षकांना पहिल्या दिवशी ती वही चौथीतल्या मुलांनीच वाचून दाखवावी, आणि उच्चारही त्यांनीच शिकवावेत.